अमरावती-अकोला: माझ्याच जुन्या समुपदेशक मॅडमना शिकवायला

एकोणीस जणांची यादी होती. बाराव्या ओळीवरचं नाव वाचलं आणि तव्यावरचा डोसा करपला.

मी अनिकेत. पुण्यात समुपदेशक आहे, मूळचा अकोल्याचा. मी समलैंगिक आहे हे या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना माहीत आहे, नव्यांनी चहा घेऊन बसावं. एका संस्थेने मला आणि माझ्या सहकारी रेवतीला वऱ्हाडात बोलावलं होतं. अमरावतीत दोन दिवस, अकोल्यात दोन दिवस. शाळांत, सरकारी दवाखान्यांत, महिला केंद्रांत काम करणाऱ्या समुपदेशकांना एक गोष्ट शिकवायची होती. समोर समलैंगिक किंवा ट्रान्स माणूस येऊन बसला, तर त्याला ‘दुरुस्त’ करायला न जाता मदत कशी करायची.

अकोल्याच्या यादीत बाराव्या ओळीवर शैलजा मॅडम होत्या. (नाव बदललंय, लिहायची परवानगी त्यांचीच.) मी अठरा वर्षांचा असताना बाबा मला ‘बरं करायला’ ज्यांच्याकडे घेऊन गेले होते, त्याच.

सुहास, माझा जोडीदार, यादी बघून म्हणाला, “नको जाऊस मग. रेवती एकटी घेईल.”

मी दोन दिवस विचार केला आणि बॅग भरली. एक तर जानेवारी होता आणि जानेवारीत वऱ्हाडाला नाही म्हणणं मला जमत नाही. दुसरं म्हणजे, आपण गेलो नाही तर त्या बाई पुढेही तेच करत राहतील, हे डोक्यातून जाईना.

पुण्याहून संध्याकाळची गाडी पकडली की सकाळी बडनेरा येतं. अमरावती शहर तिथून ऑटोने वीसेक मिनिटांवर. स्वेटर घ्या, सकाळी हुडहुडी भरते आणि दुपारी त्याच स्वेटरचं ओझं होतं. स्टेशनबाहेर रेवती ऑटोंच्या रांगेकडे बघत उभी राहिली, तर एक ऑटोवाला ओरडला, “काय पाहून राहिल्या मॅडम? बसा ना!”

“हा चिडलाय का माझ्यावर?” रेवती कुजबुजली. ती सदाशिव पेठेत वाढलेली.

“नाही गं. हे आमचं स्वागत.”

त्याने वाटेत आम्हाला न विचारता एका हातगाडीपाशी ऑटो थांबवला. “उपाशी जाता का कामावर? गिला वडा खाऊन घ्या.” उडदाच्या डाळीचा मऊ वडा, वर दही, चटणी आणि तिखट. दोन प्लेटचे पैसे पुण्यातल्या एका कॉफीहूनही कमी झाले. रेवतीने तिसरी मागवली, तेव्हा ऑटोवाला स्वतःच केल्यासारखा खूश झाला.

शिबिर एका शाळेच्या सभागृहात होतं. चोवीस जण होते. चांदूर बाजारच्या उज्ज्वलाताई पहिल्या रांगेत, वही उघडून तयार. त्या महिला समुपदेशन केंद्रात पंधरा वर्षं आहेत. मी दहा मिनिटं बोललो असेन, तेवढ्यात त्यांचा हात वर झाला.

“सर, हे सगळे शब्द इंग्रजीतले झाले. आपल्या भाषेत काय म्हनतात ते सांगा. पन शिव्या सोडून सांगा.”

सभागृह हसलं, पण शिव्या सोडल्यावर बरंच कमी उरत होतं. आम्ही ठरवलेला कार्यक्रम बाजूला ठेवला आणि तासभर फळ्यावर शब्द गोळा केले. घरात काय म्हणतात, गावात काय म्हणतात, त्यातलं काय टोचतं, काय चालेल. शेवटी उज्ज्वलाताईंनीच मार्ग काढला. “माणूस सोताले जे म्हनते, तेच आपन म्हनावं. इचारून घ्यावं.” पुस्तकात हीच गोष्ट सांगायला दोन पानं लागतात.

मागच्या रांगेत परतवाड्याचे एक डॉक्टर होते, हाताची घडी घालून बसलेले. दुपारी ते उठले. “हे तुमचं पुन्या-मुंबईले ठीक हाय. आमच्याकडं असे पेशंट येतच नाहीत.”

मी उत्तर जुळवत होतो, पण उज्ज्वलाताईंनी वळूनही पाहिलं नाही. “येतात डॉक्टरसाहेब. फक्त पोट दुखते म्हनून सांगतात.”

डॉक्टर बसले. दुसऱ्या दिवशी तेच मला चहाच्या टपरीवर गाठून म्हणाले की, रात्रभर जुने पेशंट आठवत होते. एक पोरगी, तीन वर्षं डोकेदुखी, सगळे रिपोर्ट नॉर्मल. “मी तिले कधी इचारलंच नाही, बाई, घरी कसं काय चालू हाय म्हनून.” त्यानंतर ते पुढच्या रांगेत येऊन बसले आणि सगळ्यांत जास्त प्रश्न त्यांनीच विचारले.

अमरावतीत दोन संध्याकाळी मोकळ्या मिळाल्या. एका संध्याकाळी अंबादेवीला गेलो, दुसऱ्या संध्याकाळी राजकमल चौकात नुसते फिरलो. संत्र्यांचा मोसम होता. रस्त्याकडेला ढीग लागलेले, विकत घेण्याआधी एक सोलून हातावर ठेवतात. वेळ असेल तर परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला जाऊन या. घाट सुरू झाला की गळ्याला मफलर लागतो. आमच्याकडे वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर माझं मन तोवर अकोल्याला पोचलं होतं.

अमरावती-अकोला रस्ता आता इतका गुळगुळीत झालाय की लहानपणी याच रस्त्यावर माझं डोकं एसटीच्या टपाला लागायचं, हे रेवतीला पटेना. शुक्रवारी सकाळी आम्ही एसटीच घेतली. गाड्या सारख्या असतात, आणि बायकांना अर्धं तिकीट. रेवतीने माझ्याकडे पाहून ते अर्धं तिकीट दोनदा हलवलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तूर कापणीला आलेली, कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा चहा घेताना तिने विचारलं, “त्यांना सांगणार आहेस?”

“नाही. मी तिथे शिकवायला चाललोय. हिशेब चुकवायला नाही.”

“आणि त्यांनी ओळखलं तर?”

“वीस वर्षं झाली गं. तेव्हा मला केस होते.”

अकोल्यात मी घरी उतरलो, रेवतीसुद्धा. आईने पाटोडी रस्सा आणि भाकरी केली होती. रश्श्यावरचा लाल तवंग पाहून रेवतीने आधी पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि मगच पहिला घास घेतला. आईबाबांना माझ्याबद्दल सगळं माहीत आहे. सुहास दर दिवाळीला येतो, बाबा त्याच्याशी क्रिकेटवरून भांडतात. इथवर यायला आम्हाला बारा वर्षं लागली.

बाबा निवृत्त वकील. शनिवारी सकाळी त्यांनी स्कूटर काढली. “चाल, सोडून देतो.” वय बहात्तर. नाही म्हणायची सोय नव्हती. रेवती ऑटोने पुढे गेली. सिग्नलला थांबल्यावर बाबा मान न वळवता म्हणाले, “ती बाई असन का तिथं?”

“कोणी सांगितलं तुमाले?”

“तुया आईले सुहासनं सांगितलं फोनवर.” सिग्नल सुटला, तरी ते हलले नाहीत. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. “त्या दिवशीबी मीच नेलं होतं तुले, याच स्कूटरच्या आधीच्या स्कूटरवर. मले वाटलं होतं, चांगलंच करून राहिलो.”

“माहीत हाय, बाबा.”

“हाव. पन सांगायचं राहिलं होतं.” आणि त्यांनी गाडी अशी पळवली की मी त्यांना घट्ट धरूनच बसलो.

शैलजा मॅडम पहिल्या रांगेत होत्या. केस पूर्ण पांढरे, साडी तशीच कडक इस्त्रीची. कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, घरी समुपदेशन करणाऱ्या, खोलीतल्या निम्म्या लोकांच्या शिक्षिका. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं नाही. त्यांनी ओळखलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी रागही आला. इतकं सहज विसरता येतं?

दुपारी सराव होता. मी मदत मागायला आलेला मुलगा होणार, एकाने समुपदेशक व्हायचं. मग शैलजा मॅडम उठल्या. समोरच्या खुर्चीत बसल्या आणि मी म्हणालो, “मॅडम, मला मुलं आवडतात. मला बाबांनी आणलंय.”

त्या हसल्या. अगदी तेच मायाळू हसू. “बेटा, हे वयच असं असतं. आपण असं करू...” आणि त्यांचा हात आपोआप पुढे आला, माझ्या मनगटाकडे.

तिथेच थांबला.

त्या वेळी त्यांनी माझ्या मनगटात रबरबँड घातलं होतं. मुलाचा विचार आला की ओढून सोडायचं. सहा महिने मी ते घातलं होतं. त्या कधी ओरडल्या नाहीत, दर वेळी लिंबू सरबत द्यायच्या. म्हणून तर मला वाटायचं की इतकी चांगली बाई सांगतेय, म्हणजे बिघाड माझ्यातच असणार.

“तू वकीलसाहेबांचा मुलगा,” त्या हळूच म्हणाल्या.

“हो, मॅडम.”

खोलीत कुणालाच काही कळेना. रेवतीने लगेच चहाची सुट्टी जाहीर केली. देव तिचं भलं करो.

व्हरांड्यात त्या कप हातात धरून उभ्या होत्या. पीत नव्हत्या. “मी तेव्हा जे शिकले होते, तेच...” वाक्य त्यांनी स्वतःच तोडलं. “नाही. ही सारवासारव झाली. तू सांग. पुढे काय झालं?”

“मी खोटं बोलायला शिकलो, मॅडम. तुम्हाला सांगितलं की बरा झालो. मग सगळ्यांनाच तसं सांगत गेलो. खूप वर्षं.”

त्यांचे डोळे भरले. माझे कोरडे होते, त्याचं मला आश्चर्य वाटलं. “चुकले मी,” त्या म्हणाल्या. मग, “तू एकटा नव्हतास. आणखी चौघं होते. मी आजच त्यांना शोधते. फोन करते.”

इथे मात्र माझ्यातला समुपदेशक जागा झाला. “नका करू. त्यांची लग्नं झाली असतील, घरात कुणालाच माहीत नसेल. तुमचा फोन गेला तर तुमचं मन हलकं होईल, पण त्यांच्या घरात काय होईल ते आपल्या हातात नाही.”

“मग मी करू काय?” असा प्रश्न कॉलेजात त्यांना कुणी विचारला असता, तर त्यांच्याकडे उत्तर तयार असतं.

“ते तुम्हीच ठरवा, मॅडम,” मी म्हणालो आणि सत्र सुरू करायला आत गेलो.

रविवारी सकाळी सत्र सुरू व्हायच्या आधी त्यांनी दोन मिनिटं मागितली. समोर येऊन, वर्गात बोलत तशा स्पष्ट आवाजात त्यांनी सांगितलं की आपण पाच मुलांवर हे उपचार केले, ते चुकीचे होते, त्यातला एक आज आपल्याला शिकवायला आला आहे. “तुमच्यापैकी कित्येकांना मीच शिकवलंय. जे मी शिकवलं, त्यातलं हे खोडून टाका.”

मग मागून एका शाळेतला तरुण समुपदेशक उभा राहिला. कान लाल झाले होते त्याचे. “मॅडम, मी तर तुमचंच ऐकून मागच्या महिन्यापर्यंत हेच करून राहिलो होतो. एका पोराले व्यायाम लावून देला, मोबाइल काढून घ्या म्हनलं त्याच्या मायले. तो अजून शाळेत हाय.” तो माझ्याकडे वळला. “उद्या त्याले काय म्हनू, सर?”

ते सगळं सत्र आम्ही त्या एका प्रश्नावर घालवलं. मुलाचं नाव नाही, शाळेचं नाव नाही. फक्त उद्या सकाळचं पहिलं बोलणं. सगळे खुर्च्या ओढून जवळ आले. कुणी म्हणालं, आधी माफी. कुणी म्हणालं, नाही, आधी विचारा की तुला बोलायचंय का. शैलजा मॅडम त्या तरुणाच्या शेजारी बसून त्याच्याबरोबर वाक्यं घासत होत्या, खोडत होत्या, परत लिहीत होत्या. मी आणि रेवती नुसतं बघत होतो. इतकं चांगलं सत्र मी आजवर घेतलं नव्हतं, आणि हे मी घेतलंही नव्हतं.

निघताना आईने डबा दिला. रोडगे, वांग्याची भाजी, वरून तुपाची वाटी. गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचा वास डब्यात पसरला आणि समोरच्या बाकावरच्या काकूंनी न लाजता विचारलं, “घरचे हायेत का?” अर्धे त्यांना दिले. अकोल्याहून पुण्याचं तिकीट आधी काढा, जानेवारीत ऐनवेळी मिळत नाही.

पुण्यात सुहासने पहिला प्रश्न विचारला, “माफ केलंस?”

पूर्ण नाही. राग आहे अजून, फक्त तो आता कुणा एका बाईच्या नावावर बसलेला नाही. थोडा बाबांच्या स्कूटरच्या मागे, त्या सिग्नलला उतरला. थोडा त्या तरुणाचे लाल कान पाहताना. उरलेला कधी उतरेल ते ठाऊक नाही आणि घाईही नाही.

शैलजा मॅडम आता दर दुसऱ्या शनिवारी फोन करतात. नवीन कुणी आलं की नाव न सांगता विचारतात आणि मी ऐकतो. त्या तरुणाच्या शाळेतला मुलगा पहिल्या दिवशी काहीच बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी परत आला, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

परवा मी त्यांना सुचवलं की तुमच्याकडे येणाऱ्या तीन-चार समलैंगिक तरुणांना एकमेकांना भेटायचं आहे, तर तुमच्याच खोलीत महिन्यातून एकदा बसवा. त्या जोरात हसल्या.

“अरे, तू पुण्याचा झालास. माझ्या दारात चार पोरं दिसली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला उत्तर हवं असतं. मी त्यांना विचारलंय. माझ्या भावाच्या शेतावर हुरड्याला येताहेत. हुरड्याला कोण कशासाठी आलंय, हे वऱ्हाडात कुणी विचारत नाही.”

हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. मी पेन शोधलं आणि म्हणालो, “थांबा मॅडम, लिहून घेतो.”