दांड्यावरचा हात

"थांबा, आधी बघू द्या." आमच्या तुर्भ्याच्या कारखान्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला फाटकावर हे ऐकावं लागे. मग मेजर कमरेत वाकून गाडीखाली नजर टाकत. एकदा साक्षात मालकांच्या व्याह्यांची गाडी त्यांनी अशी थांबवली होती. खालून निघालं मांजर. "बघा," एवढंच म्हणाले आणि फाटक उघडलं.

मेजर म्हणजे आमचे वॉचमन. फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेले, पण साताऱ्याकडच्या गावात प्रत्येक फौजी मेजरच असतो. तुम्हीही असे मेजर पाहिले असतील. फक्त ते लढाईच्या गोष्टी सांगतात. आमचे सांगत नसत. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या तुकडीनं नदीवरचा मोक्याचा पूल काबीज केला होता, हे आम्हाला त्यांच्या एका जुन्या सोबत्याकडून कळलं. विचारलं की मेजर म्हणत, "झालं ते झालं. डबा खावा."

त्र्याण्णव सालची सव्वीस जानेवारी असावी. झेंडावंदनाला मॅनेजरसाहेबांनी परस्पर जाहीर केलं, "आता मेजर पुलाची हकीकत सांगतील." मी कार्यालयात कारकून, साहेबांना ही गोष्ट मीच सांगितली होती. मेजरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माईकपासून दोन हात लांब उभे राहिले.

"उजाडता उजाडता नदी पोहून आमी मागनं आलो," ते म्हणाले. "पुलाला सुरुंग लावलेले. तारा आलेल्या एका पेटीला. दांडा दाबला की पूल नदीत. पेटीपाशी त्यांचा एकच जवान व्हता, माज्याच वयाचा. हात दांड्यावर. दाबतोय असं वाटलं. म्या गोळी घातली."

टाळ्या सुरू झाल्या. मेजरांनी हात वर केला.

"मग म्या पुलाकडं बघितलं. त्यांचीच दोन मानसं एका जखमीला खांद्यावर घिऊन पळत येत व्हती. निम्म्यावर आली व्हती. आमची पलटण त्यांच्या पाठीवर. दांडा दाबायची येळ कवाच झाली व्हती. त्यानं दाबला न्हाय. त्यांच्यासाटी थांबला व्हता. शाबासकी मला मिळाली. पूल त्याच्यामुळं ऱ्हायला."

साहेबांच्या हातात सत्काराचा नारळ तसाच राहिला. कुणीतरी मागून पुटपुटलं, "पण दुश्मनच ना तो?"

"व्हय की," मेजर म्हणाले, आणि फाटकावर गेले.

मी माफी मागायला गेलो. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "बसा. तुमची काय चूक न्हाय." दोघं बराच वेळ येणारे-जाणारे ट्रक बघत बसलो.

दोन वर्षांनी ते सुट्टीवर गावी गेले आणि तिथंच झोपेत गेले. त्यांची ट्रंक न्यायला त्यांच्या बायको आल्या, सोबत त्यांचा भाऊ. चहा देताना सहज बोलून गेलो, "वहिनी, पुलाची ती गोष्ट मेजरांनी आम्हाला सांगितली होती. फार मोठा माणूस."

त्यांनी कप खाली ठेवला. "कसला पूल?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"लग्नाला पंचवीस वर्सं झाली आमच्या," त्या म्हणाल्या. "मला तर म्हनायचे, लढाईत मी भटारखान्यात व्हतो. नुस्त्या भाकऱ्या भाजल्या."