पुढचा तुकडा सार्जंटच्या दारी

चर्चमधली रविवारची मिस्सा संपली तेव्हा माझ्या टोपलीत एकच तुकडा उरला होता. सायंप्रार्थनेची घंटा व्हायच्या आत तो मला सार्जंटच्या घरी पोचवायचा होता.

आमच्या शांब्रोल गावात दर रविवारी एक घर पाव भाजून आणतं. फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडतात, तुकडे होतात, टोपली बाकांवरून फिरते आणि प्रत्येक जण एक तुकडा खातो. भाजणारीने एक मोठा कोपरा मात्र राखून ठेवायचा आणि त्याच दिवशी शेजारच्या घरी नेऊन द्यायचा. तो हातात आला की समजायचं, पुढच्या रविवारी पाव आपला. घरं रस्त्याच्या क्रमाने. माझं, मग सार्जंटचं, मग लेओंतीनचं. गेली पाच वर्षं सार्जंट तुरुंगात होता, त्याची बायको ओदिल बहिणीकडे जाऊन राहिली होती. घराला कुलूप, म्हणून माझा तुकडा थेट लेओंतीनकडे जायचा. पण फेब्रुवारीत दोघं परतली. खिडक्या उघडल्या, धुराड्यातून धूर निघाला, आणि एप्रिलच्या या रविवारी माझा नंबर आला.

चर्चच्या पायरीवर पोस्टातली पोलीन माझ्या टोपलीत डोकावली.

"कोपरा भलताच मोठा ठेवलायस गं क्लेमांस! तुरुंगात उपाशी ठेवत होते वाटतं त्याला?"

"पोलीन, देवाच्या पायरीवर उभी आहेस."

"उभीच आहे की. सार्जंटसारखा सलाम थोडाच ठोकतेय जर्मनांना!"

दोघी-तिघी हसल्या. लेओंतीन हसली नाही. तिचा मुलगा रेमों जर्मनीतल्या कारखान्यात बॉम्बखाली गेला, तेव्हापासून ती काळ्या कपड्यांतच असते. ती माझ्याजवळ आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"तुकडा त्याच्या घरी गेला, तर पुढच्या रविवारी त्याच्या घरचा पाव या टोपलीत येणार, आणि त्याच्या घरचा तुकडा माझ्या दारात. मी घेणार नाही, क्लेमांस. तू त्याचं दार टाळून सरळ माझ्याकडे ये. मी दारात उभी राहते."

"आणि नाही आले तर?"

"तर माझं घर क्रमातून काढून टाक. या चर्चमध्ये पुन्हा माझं पाऊल पडणार नाही. पोराच्या नावाची मिस्सासुद्धा दुसऱ्या गावात सांगेन."

मी आत जाऊन फादरना विचारलं. ते अंगावरची वस्त्रं उतरवत होते. "क्रम तुम्हा बायकांचा आहे," ते म्हणाले. "मी फक्त आशीर्वाद देतो." आणि मेणबत्त्या विझवायला वळले. मेणबत्त्या आधीच विझल्या होत्या.

सार्जंट म्हणजे आन्सेल्म तुर्नाद्र. धंदा गाड्या बनवण्याचा. चाकं, जू, आणि वेळ आली की शवपेट्या. पण त्याला सुतार कुणी म्हटलं नाही. १९१६ साली वेर्दंच्या लढाईत सात माणसं घेऊन त्याने दोन दिवस एक कोसळलेला खंदक लढवला. तिसऱ्या दिवशी माघार घ्यायचा हुकूम आला, तेव्हा मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसलेल्या एका पोऱ्याला पाठीवर घेऊन तो अर्धा कोस चिखलातून चालत आला. तो पोऱ्या म्हणजे माझा नवरा फिर्मँ. वर्तमानपत्रात सार्जंटचा फोटो आला. जनरलने स्वतः छातीवर पदक लावलं. तो गावात परतला तेव्हा बँड वाजला, आणि शाळेत मुलांना त्याच्यावर निबंध लिहावा लागायचा. दर अकरा नोव्हेंबरला, युद्ध थांबल्याच्या दिवशी, स्मारकापुढे गावच्या युद्धात मेलेल्या तेवीस जणांची नावं तोच म्हणायचा, कागद न घेता. एकदा ताप होता तरी आला आणि एकही नाव चुकला नाही.

१९४० साली जर्मन आले आणि म्हाताऱ्या मार्शलने त्यांच्याशी तह करून देशाचा कारभार हाती घेतला. वेर्दंला सार्जंट त्याच मार्शलच्या हाताखाली लढलेला. "मार्शलने सांगितलं ना, मग आपण डोकं चालवायचं नाही," तो म्हणायचा. त्याला गावचा महापौर नेमलं. जर्मन अधिकारी कचेरीत आला की त्याची पदकं बघून टाचा जुळवायचा, आणि सार्जंट उलट सलाम करायचा. ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

मग १९४३ चा फेब्रुवारी. जर्मनीच्या कारखान्यांसाठी शांब्रोलमधून तीन जवान पोरं पाठवायची होती. यादी महापौराने करायची. त्या तिघांत माझा मुलगा मार्सेल होता. तो सार्जंटच्याच कारखान्यात रंधा मारायचा, त्यामुळे सूट नव्हती. शेतात राबणाऱ्यांना सूट होती.

पुढचं मी त्या रविवारपर्यंत फिर्मँखेरीज फक्त फादरच्या कानात, पापनिवेदनात, सांगितलं होतं. मी सार्जंटच्या घरी गेले. जपमाळ हातात होती, ती मी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "त्याच्या बापाला पाठीवर आणलंत, आता त्याच्या पोराला पाठवणार?" तो एवढंच म्हणाला, "घरी जा, क्लेमांस." मी कुणाचं नाव घेतलं नाही. पण आकडा तीनच राहणार हे मला कळत नव्हतं असं नाही.

तीन दिवसांनी यादी लागली. मार्सेल कागदावर शेतमजूर म्हणून सुटला होता. त्याच्या जागी रेमों. रेमों खरोखरच आईच्या शेतात राबत होता, आणि बाप वारल्यावर तिथे तो एकटाच पुरुष होता.

१९४५ साली न्यायालयाने सार्जंटला शत्रूचा साथीदार ठरवलं. पाच वर्षं तुरुंगवास, मताचा हक्क गेला, पदकं काढून घेतली. फिर्मँला साक्षीला बोलावलं होतं, त्याच्या बाजूने चार शब्द बोलायला. तो गेला नाही. पाय दुखतो म्हणाला. यादीबद्दल न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा सार्जंट एवढंच म्हणाला, "मीच केली. सगळी."

आणि मी? मी दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, लेओंतीनच्या घरी जाऊन तिच्या टेबलाशी बसत होते. तिच्या हातचं सूप पीत होते.

त्या रविवारी दुपारी फिर्मँने डाळीची ताटली पुढे ढकलली.

"जेवण जात नाही का?" मी विचारलं.

"टोपली तिथे ठेवलीस, ती बघून कसं जाईल?"

"मग सांग ना, कुठे नेऊ?"

"लेओंतीनकडे. पाच वर्षं तिकडेच जातोय तो."

"पाच वर्षं घर बंद होतं, फिर्मँ. आज उघडं आहे."

"उघडं आहे म्हणून काय? गाव तोंडात शेण घालेल."

"तुझ्या की माझ्या?"

त्याने काठी आपटली. "तू त्याच्याकडे नेलंस तर लेओंतीन विचारेल, का गं, एवढा कळवळा कशाला? काय सांगशील? माझा पाय दाखवशील? आणि ती तिथेच थांबेल असं वाटतं तुला? मार्सेल रेल्वेत चिकटलाय. जूनमध्ये त्याचं लग्न आहे, क्लेमांस."

"आठवतंय मला."

"मग वगळ त्याला. तो काही बोलणार नाही. तो कधीच बोलला नाही."

तेच तर होतं. तो कधीच बोलला नाही, आणि त्या न बोलण्यावर आमचं घर उभं होतं. त्याला वगळायचं म्हणजे तो पाव न खाणारा, चर्चमध्ये खांबामागे उभा राहणारा माणूस होऊन मरणार. शवपेटीला खांदा द्यायलाही गावातून कुणी येणार नाही. आणि त्याने हे ज्यांच्यासाठी पत्करलं, त्यांनीच त्याचं दार टाळून पुढे जायचं.

मी तुकडा स्वच्छ फडक्यात बांधला. "देवा, माझ्या तोंडात शब्द तूच घाल," एवढंच म्हटलं आणि बाहेर पडले.

आमच्या दारापासून सार्जंटचं दार तीस पावलं, तिथून लेओंतीनचं आणखी तीस. सगळा रस्ता जागा होता. पोलीनने खिडकीत उशी ठेवून त्यावर कोपरे टेकले होते. लेओंतीन दारात उभी होती, हात पोटाशी बांधून.

मी सार्जंटच्या दारावर थाप मारली.

दार त्यानेच उघडलं. केस पूर्ण पिकलेले, गालांची हाडं वर आलेली, अंगात जुना कामाचा सदरा. फडक्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"पुढे जा, क्लेमांस," तो हळू आवाजात म्हणाला. "दार चुकलीस."

"चुकले नाही."

"ती बघतेय."

"मला माहीत आहे."

आतून ओदिल म्हणाली, "कोण आहे हो?"

"कोणी नाही." मग मला, "ऐक. पाच वर्षं मी जे गिळलं, ते आता रस्त्यावर ओकू नकोस. मार्सेलचं लग्न ठरलंय ना? मग जा."

"तुम्ही गिळलंत. मी तर दर वर्षी तिच्या घरचं खाल्लं."

"यादी मी लिहिली. पेन माझ्या हातात होतं. तू मागितलंस म्हणून मी सुटत नाही. नाही म्हणता आलं असतं मला."

"मला पण न मागता आलं असतं."

तो चौकटीला धरून उभा राहिला. "मला पाव नकोय, क्लेमांस," तो म्हणाला. "ओदिलला हवा असेल. ती रोज खिडकी पुसते, तुम्ही कोणीतरी याल म्हणून. पण मला नकोय."

ओदिल त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने ऐकलं होतं. तिने हात पुढे केला नाही, पण मागेही सरली नाही.

मी तुकडा तिला दिला असता तर काम तिथेच संपलं असतं. पण मग लेओंतीन क्रमातून जाणार होती, आणि का ते तिला कधीच कळणार नव्हतं. मी म्हणाले, "ओदिल, थोडं थांब. मी येतेच." आणि तुकडा हातात घेऊन पुढची तीस पावलं चालले.

लेओंतीनने हात पुढे केला. तिला वाटलं, मी तिचं ऐकलं.

"हा तुझा नाही," मी म्हणाले. "आत चल, तुला काही सांगायचंय."

"इथेच सांग."

"पोलीन खिडकीत आहे."

"पोलीन नेहमीच खिडकीत असते. बोल."

मी बोलले. फेब्रुवारी, यादी, मार्सेलचं नाव, टेबलावरची जपमाळ. त्याच्या जागी रेमोंचं नाव कुठून आलं ते. मी रडले नाही. मला रडण्याचा हक्क नव्हता. लेओंतीनची नजर माझ्या तोंडावरून हलली नाही.

"आणखी कोणाला माहीत आहे?" तिने विचारलं.

"फिर्मँला. सार्जंटला. पापनिवेदनात फादरना."

"न्यायालयात?"

"तो बोलला नाही."

"मार्सेलला?"

"नाही."

वरच्या आळीत कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. मग ती म्हणाली, "सात वर्षं माझ्या टेबलाशी बसलीस. रेमोंच्या खुर्चीत बसलीस एकदा, दुसरी मोकळी नव्हती म्हणून. मीच म्हटलं होतं, बस गं, तू घरचीच."

"हो."

"हो काय? आणखी काही म्हण."

"काय म्हणू, लेओंतीन?"

"काहीच नको." तिने शालीची गाठ सोडली, परत बांधली. "मला वाटायचं, सगळं पाप त्या एका घरात आहे. भिंतीपलीकडे. ते वगळलं की मी मोकळी. आता तू सांगतेस, दोन घरांत आहे, त्याच्या आणि तुझ्या. मग वगळायचं तरी कुणाकुणाला?"

तिने माझ्या हातातल्या तुकड्याकडे बघितलं.

"जा. ज्याचा आहे त्याला दे," ती म्हणाली. "आणि माझ्या दारात परत येऊ नकोस. मृतांच्या दिवशी तर नाहीच." तिने दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. मला आपटलेलं बरं वाटलं असतं.

परत आले तेव्हा ओदिल तशीच उभी होती. तिने तुकडा दोन्ही हातांनी घेतला. सार्जंट भिंतीकडे तोंड करून बसला होता.

त्याच संध्याकाळी आम्ही मार्सेलला सगळं सांगितलं. तो जेवला नाही, आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने न बोलता गेला. जूनमधलं लग्न पुढे ढकललं आहे. ते होईल की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी ओदिलचा पाव आला. ती रात्रभर जागली असणार, कडा थोड्या करपल्या होत्या. टोपली फिरली. पोलीनने घेतला, चिमटीएवढा, आणि तोंड वाकडं केलं. पुष्कळांनी टोपली हातोहात पुढे सरकवली. फिर्मँने एक तुकडा घेतला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, खाल्ला. लेओंतीन तिच्या नेहमीच्या बाकावर होती. तिच्यापाशी टोपली आली, तिने ती न बघता शेजारणीकडे दिली. पण उठून गेली नाही.

दुपारी सार्जंट स्वतः बाहेर पडला. आल्यापासून तो पहिल्यांदाच रस्त्यावर दिसत होता. मी खिडकीतून बघत होते, आणि मला माहीत होतं की सगळे बघतायत. त्याच्या हातात कोपरा होता, उघडाच, फडक्याशिवाय. लेओंतीनच्या दारापाशी तो थांबला. थाप मारली नाही.

दार उघडलं. ती चौकटीत उभी राहिली.

"ठेव तिथे," ती म्हणाली, आणि बाजूच्या कठड्याकडे बोट दाखवलं.

त्याने ठेवला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"ठेव म्हटलं, बोल नाही म्हटलं."

तो मान खाली घालून परत गेला. तुकडा कठड्यावर पडून राहिला. एक चिमणी आली, टोचून गेली. सायंप्रार्थनेची पहिली घंटा झाली, बायका डोक्याला रुमाल बांधून चर्चकडे निघाल्या आणि कठड्यापाशी पाय हळू करून पुढे गेल्या. दुसरी घंटा व्हायच्या जरा आधी लेओंतीन बाहेर आली. तिने तुकड्याची चिमणीने टोचलेली बाजू नखाने काढून टाकली, उरलेला एप्रनमध्ये घेतला आणि आत गेली. थोड्या वेळाने तिच्या अंगणातून सरपण फोडल्याचा आवाज येऊ लागला. पुढच्या रविवारी पाव भाजायचा तर भट्टीची लाकडं आधीपासून तयार ठेवावी लागतात.