चकचकीत झालेली घोंगडी

ती घटना आठवली की आजही मन प्रसन्न होतं. पोलिसाच्या आठवणीत असं सहसा घडत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

नव्वदच्या दशकात मी भिवंडीत फौजदार होतो. एका सकाळी आमचा खबऱ्या ठाण्यात आला. नाशिक रस्त्यावर पडघ्याला त्याची चहाची टपरी होती. बातमी नेहमी गरम आणायचा, शिजलेली असेलच असं नाही. म्हणाला, "साहेब, चोरीच्या गाड्या भिवंडीत पॉलिश होतात आणि नंबर बदलून नाशिकला जातात. काल एक काळी गाडी समोरून गेली. अंग आरशासारखं, नंबर प्लेट मात्र जुनाट."

मी डायरीत नोंद करतोय तोच जवळच्या पूर्णा गावचे एक दादा आत शिरले. भरपूर जमीन, गाळे भाड्याने दिलेले, आणि आवाज त्या सगळ्याहून मोठा. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. पाठवणीसाठी त्यांनी आपली काळी गाडी मशीन पॉलिशला टाकली होती.

"साहेब, माजी गारी बदली केली! नंबर माजा हाय, गारी माजी न्हाय. माजे पोरीला चोरीचे गारीत बसवू काय?"

खबर आणि तक्रार अशी जुळून आल्यावर कोणता फौजदार शांत बसेल? मला तर पकडलेली टोळी आणि वर्तमानपत्रातला माझा फोटो, दोन्ही दिसायला लागले.

दादांच्या गाडीला गावात घोंगडी म्हणत. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी ती अंगणातच रंगवून घेतली होती. शेजारी कापड विणणारे लूम. तिथलं कापसाचं तूस उडून ओल्या रंगावर बसलं आणि तसंच वाळलं. तेव्हापासून हात फिरवला की खरखर लागायची. दादांना आणि हवालदारांना घेऊन गॅरेजमध्ये जाऊन पाहतो तर समोरच्या गाडीत मला माझी टोपी तिरकी असल्याचं दिसलं. मी ती सरळ केली. दादांचं म्हणणं पटण्यासारखंच होतं.

चासी नंबर ताडून पाहावा, तर कागदपत्रं पासिंगसाठी एजंटकडे आणि एजंट गावाला गेलेला. म्हणजे तोवर गाडी मुद्देमाल म्हणून जप्त, गॅरेजवाला कोठडीत, आणि नवरी भाड्याच्या गाडीतून सासरी.

गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणत. तरुणपणी उत्तरेतून लूमवर कामाला आलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा, एरवी एक नंबरचा बोलघेवडा. त्या दिवशी मात्र गप्प. गाडी कोणाची? गप्प. प्लेट कोणी लावली? गप्प. भ्यालेला माणूस बहुधा जमिनीकडे बघतो. हा बघत होता आमच्या हवालदारांच्या पोटाकडे. हवालदार बॉनेटवर ओणवे होऊन काचेतून आत डोकावत होते आणि त्यांच्या पट्ट्याचं पितळी बक्कल रंगावर घासत होतं.

"हवालदार, बाजूला व्हा," मी म्हणालो.

उस्तादने झेप घेऊन ती जागा फडक्याने पुसली. मग त्याचं तोंड उघडलं ते मिटेना.

"साहब, आधी पाणीकागदाने घासून सगळं तूस काढलं, मग मशीन फिरवली. रंग वही है, नवा एक थेंब टाकला नाही. पडघ्यापर्यंत चालवून पण आणली, धूळ बसते का बघायला. दादा अपनी गाडी पहचानते नहीं, तो मेरा क्या कसूर?"

खबऱ्याची काळी गाडी हीच, हे माझ्या ध्यानात आलं. वर्तमानपत्रातला फोटो गेला.

"पुरावा काय?" मी विचारलं.

"है ना! मी तळहाताएवढी जागा नेहमी सोडतो. गिऱ्हाईकाने हात लावायचा, कैसी थी, कैसी हुई. आखरी हाथ त्याच्यासमोरच. पण दादा फाटकातूनच ओरडून निघून गेले. दाखवू कोणाला?"

डिकीच्या कुलपाखाली कागद चिकटवलेला होता. त्याने तो सोडवला. खाली जुना, तूस धरलेला, खरखरीत रंग होता आणि त्यात चार इवल्याशा बोटांचे ठसे खोल उमटलेले होते.

"ये भी निकालना है क्या, पूछना था," उस्ताद म्हणाला.

दादा वाकले. एवढा मोठा आवाज एकदम बसला.

"हात लावू नको, रंग वला हाय, म्हनून मी वरडलो. तवरच लावला पोरीनं. एवढीशी व्हती. लय रडली मंग." आपली जाड बोटं त्यांनी त्या खड्ड्यांवर ठेवली. "साहेब, माजीच हाय गारी."

उस्तादने हसत मशीन उचललं. "दादा, बटन दाबू? दो मिनट में साफ."

"हात तं लावून बघ!" दादा असे गरजले की शेजारच्या लूमवरची माणसं बाहेर आली. मग तेच आधी हसायला लागले, आणि मग आम्ही सगळेच. मला मनापासून आनंद झाला. 'गाडी फिर्यादीने ओळखली' अशी नोंद करून मी प्रकरण मिटवलं.

त्यानंतर कोणी वस्तू ओळखायला आला की मी आधी विचारायचो, डोळे मिटून कशी ओळखाल? खऱ्या मालकाकडे उत्तर बहुधा असायचं आणि लबाडाला घाम फुटायचा. ही युक्ती मला निवृत्तीपर्यंत पुरली.

लग्नाला आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. उस्ताद नवा सदरा घालून गाडीपाशी उभा राहून टेकणाऱ्यांना हाकलत होता, त्यात आमचे हवालदारही होते. धवलारणी बायका लग्नाची गाणी म्हणत असताना दादांनी नवरीला गाडीमागे नेलं. तिने मेंदीभरला हात त्या ठशांवर टेकवला, वडिलांकडे पाहिलं आणि लगेच मागे घेतला.

दादा म्हणाले, "लाव गो, लाव. आता न्हाय वरडत."