शिवाच्या व्हॅनमधली बॅटरी

आमच्या व्हॅनच्या सीटखाली हात घातला की शेंगांची टरफलं निघतच राहतात. किस्स्यांचंही तसंच. मी एक सांगायला बसते, मागून चार येतात, आणि तिकडे दूध उतू जातं! आज फक्त बॅटरीचे सांगते. बॅटरी म्हणजे हातात धरायची, टॉर्च!

मोबाईलमधे उजेड यायच्या आधीची गोष्ट, दोन हजार सालच्या आगेमागेची. आम्ही खर्डीचे. माझा धाकटा दीर शिवा तिशी ओलांडून बसला होता आणि त्याचं लग्न काही जमत नव्हतं. गुणी पोरगा, थोडी भातशेती, स्वतःची जुनी व्हॅन. पण मुलगी समोर आली की जी मान खाली घालायचा, ती चहा संपेपर्यंत वर नाही! सासूबाईंची झोप उडाली होती. "माजे डोळे मिटायच्या आत याच्या डोक्यावर अक्षता पडू दे गो," असं रोज मलाच सांगायच्या. जशी काही अक्षता मीच दाबून ठेवल्यात!

मुली बघायला आमची ठरलेली मंडळी. गाडी चालवायला शिवा, सासूबाई, त्यांचा भाऊ गणूमामा, आमचे हे आणि मी. नकार का आला ते सगळ्यांना ठाऊक असायचं. पण पोराला कोण बोलणार? मग खापर बॅटरीवर फुटायचं.

*

पहिल्यांदा तर बॅटरीच नव्हती. शेणव्याच्या अलीकडे दिवेलागणीला गाडीचा फ्यूज उडाला. मामांनी काडेपेटी काढली. ते एकेक काडी धरतायत, शिवा फ्यूज बदलतोय. शेवटच्या काडीत मामांची एका बाजूची मिशी गेली!

मुलीच्या आजीनं दारातच विचारलं, "नवरा कंचा? ह्यो अर्ध्या मिशीचा?"

नकार आला. मामांनी फर्मान काढलं, "गाडीत बॅटरी पायजेल!"

*

ती त्यांनी स्वतःच आणली. तीन सेलची, स्टीलची, हातभर लांब. "उजेड पन पडतो आनि कुत्रं पन पळतं!"

ती सीटखालून घरंगळत पुढे आली आणि दुसऱ्या मुलीच्या खळ्यात वळताना नेमकी ब्रेकखाली अडकली. व्हॅन सरळ पेंढ्याच्या उडवीत! मुलीचे वडील ओरडत धावत आले. सासूबाई खाली उतरल्या, अंबाड्यात पेंढा, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आमी मुलगी बघाया आलोय."

पोहे मिळाले. मुलगी मिळाली नाही.

*

मग आमचे हे पेटले. कल्याणहून एक डबा घेऊन आले. त्यात बॅटरी, रेडिओ, लाल दिवा आणि सायरन! बटणं इतकी की यांना स्वतःलाच कळेनात.

तिसऱ्या मुलीच्या घरी मानपानाची बोलणी ऐन रंगात आली होती. हे डब्यावर टेकले आणि सायरन सुरू! बंद कुणालाच करता येईना. शेजारच्या घरातले तिघं मागच्या दारानं भाताच्या शेतात पळाले. का पळाले ते आम्ही विचारलं नाही. मुलीचे आजोबा मात्र हात जोडून उभे. "सायब, आमच्यात कोन दारू गाळत नाय!"

शिवाची मान? खालीच.

*

चौथ्या खेपेला बॅटरी मी निवडली. चार्जिंगची, आधुनिक. सेलची कटकट नाही! पण आमच्याकडे लाईट असते कुठे? म्हणून मुलीच्याच घरी जरा पिनला लावून ठेवली आणि निघताना विसरून आलो. सासूबाई घरी म्हणाल्या, "राहू दे गो. तेवढंच पुन्हा जायला निमित्त."

चार दिवसांनी मुलीचा भाऊ सायकलवरून दारात हजर.

"ताईला पसंत नाय," तो म्हणाला. "पन बॅटरी चार्ज करून आनलीय!"

त्या दिवशी शिवा जेवला नाही. मला फार वाईट वाटलं हो. बॅटरी मी कपाटाच्या मागे टाकली ती टाकलीच.

*

पुढचं बोलावणं सिद्धगडाच्या पायथ्याकडून आलं. वाटेत मुरबाडच्या बाजारात मामा पुन्हा दुकानात शिरले. मागोमाग आम्ही. मामांना मोठी हवी, यांना बटणं हवीत, दुकानदारानं सगळा माल काढलेला. आणि शिवा बोलला!

"मामा, गाडीत ठेवायचीय, देवळावर नाय लावायची. पेटली पायजे, विझली पायजे, खिशात मावली पायजे. बस!"

त्यानं दोन सेलची एक बारकी उचलली. एकच बटण. मामा फुगले. सासूबाई गाडीत बसेपर्यंत म्हणत होत्या, "शिवा बोलला गो!"

*

मुलीचं नाव सुनंदा. पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. मामांना गप्प बसवत नाही. त्यांनी मिशी, उडवी, सायरन, सगळं सांगून टाकलं. चार्ज होऊन परत आलेल्या बॅटरीशी आले तेव्हा आतल्या दाराआडून कोणीतरी फिस्सकन हसलं. मी डोक्याला हात लावला. संपलं, म्हटलं!

पोह्यांचा ट्रे घेऊन सुनंदा दारात आली आणि लाईट गेली. मिट्ट काळोख.

"बॅटरी! बॅटरी!" सगळे ओरडले.

शिवानं खिशातली काढली, पेटवली. मामा म्हणाले, "मार की पोरीच्या तोंडावर! बघाया आलोय ना आपन?"

शिवानं नाही मारली. उंबऱ्यावर उजेड धरला, तिच्या पायांपुढे, आणि ती आत येईल तसा पुढे सरकवत नेला. मान खालीच.

सुनंदानं ट्रे खाली ठेवला आणि हात पुढे केला. "आना इकडं."

शिवानं बॅटरी दिली. तिनं सरळ त्याच्या तोंडावर मारली! शिवानं दचकून मान वर केली. पहिल्यांदा! सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. ती आपली निवांत बघत राहिली. आणि मेला हा शिवा, हसला की हो!

खट्‌. बॅटरी विझली. काळोखात तिचा आवाज आला.

"बाबा, ही बॅटरी मी परत देनार नाय."