उकडतंय म्हणायचं नाही

भर मे महिन्यात माकडटोपी घालून हिंडणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच होता, आणि तो नेमका माझ्या नशिबी आला. ते माझे आतोबा. बोटीवर भटारखान्यात नोकरीला असताना त्यांनी जर्मनीत कुठल्याशा नदीकाठी रीसलिंग नावाची पांढरी द्राक्षं खाल्ली. गोरे लोक त्यांची दारू करतात. आतोबा नुसत्या चवीवरच खलास झाले. येताना ओल्या फडक्यात गुंडाळून एक काडी आणली, गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत पत्र्याच्या डब्यात लावली आणि आत्याला वचन दिलं, “तुझ्या हातावर एक तरी घड ठेवीन.”

आता हे द्राक्ष पडलं थंड मुलखातलं. कडाक्याच्या थंडीशिवाय फळ धरत नाही म्हणे. आतोबांनी ठरवलं, इथेही थंडीच आहे असं वेलीला पटवायचं! मुळाशी बर्फ, वर ओलं गोणपाट, आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन दिवसभर तिच्या तोंडावर. आत्या आपली आत वर्तमानपत्राच्या घडीने वारा घेत बसलेली. शिवाय सक्त हुकूम, वेलीसमोर कुणी ‘उकडतंय’ म्हणायचं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला आतोबा गेले तेही माकडटोपीतच, का तर परत आल्यावर तिला संशय नको! मी एकदा ऑफिसातून घामाघूम येऊन तो शब्द बोलून बसलो, तर कडाडले, “गाढवा, तीन वर्षांची मेहनत घालवलीस! माफी माग तिची!” मागितली. करतो काय?

त्यात दारूबंदीचे दिवस. कुणीतरी चुगली केली आणि हवालदार चौकशीला आला. जिने चढून धापा टाकत “काय उकडतंय हो!” म्हणतोय तोच आतोबांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाले, “दारू कसली? आधी फळ तरी धरू द्या, मग खुशाल पकडा!” बिचारा गळ्यात आतोबांचा मफलर गुंडाळून चहा पिऊन गेला.

मग तो एक मे उजाडला. महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला! चाळभर तोरणं, पेढे, आरडाओरडा. आत्या हौसेने गॅलरीत आली आणि घेरी येऊन वेलीशेजारीच मटकन बसली. “उकडतंय हो,” एवढंच तिच्या तोंडून निघालं. आतोबांनी माकडटोपी काढली, पंखा आत्याकडे वळवला आणि वेलीला म्हणाले, “तुलाही उकडतच असेल, बाई. खोटं बोललो मी. आपली मुंबई ही अशीच.” मग आत्याजवळ बसून हळूच म्हणाले, “घड नाही गं देता आला.”

आत्याने डोळे मिटले होते. “मला मेली द्राक्षं कुठे हवी होती? वारा हवा होता.”

वेल पुढे दोन वर्षं जगली, फळ काही धरलं नाही. पंखा मात्र पुन्हा तिच्याकडे वळला नाही. आता आत्या-आतोबा दोघंही नाहीत. पण त्या गॅलरीत उभा राहिलो, की घामाच्या धारा लागल्या तरी ‘उकडतंय’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.