पण संप मिटतो का?

पुणे शहरात सिनेमाला जाऊन सिनेमाचे वाभाडे काढणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. पण पडद्यावर एकमेकांना बिलगलेल्या प्रेमिकांकडे हजेरीपट मागणारा माणूस सबंध शहरात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. थोरला साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी आयुष्यात कुठलीही वस्तू घासाघीस केल्याशिवाय घेतलेली नाही. हा एकच माल असा, की लग्नाबरोबर आला आणि जसा होता तसा उतरवून घ्यावा लागला.

चिंचवडच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यातून निवृत्त होऊन हे गृहस्थ कोथरूडला स्थायिक झाले. कोथरूडमधले बाकीचे निवृत्त लोक सकाळी टेकडीवर जातात, सोसायटीच्या सभेत भांडतात, नातवंडांना क्लासला सोडतात. हे सिनेमे बघतात. तेही एकाच जातीचे. नुसत्या प्रेमाचा सिनेमा यांना चालत नाही, नुसत्या संपाचाही चालत नाही. नायक गेटवर घोषणा देणारा हवा आणि नायिका मालकाची मुलगी, किंवा गेला बाजार पॅकिंग विभागातली तरी हवी. जुने सिनेमे ते फोनवर बघतात, आवाज शेजारच्या इमारतीला पुरेल एवढा ठेवून. नवा आला की पहिल्या दिवशी सकाळच्या खेळाला हजर. एकदा मी बरोबर होतो. तिकीट खिडकीवरच्या मुलीला यांनी विचारलं, "यात संप मिटतो का?"

ती म्हणाली, "सर, रोमँटिक आहे."

"ते पोस्टरवर दिसतंय हो. संप मिटतो का?"

"सर, मी मूव्ही बघितलेला नाही."

"मग विकता कशाला?" असं म्हणून यांनी दोन तिकिटं घेतली. मागच्या रांगेतल्या लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच यांना घडवलंय.

आत जाऊन बसल्यावर तर कहर. नायक-नायिका बर्फात गाणं म्हणू लागले, तसे हे मोठ्याने म्हणाले, "कारखान्यात टाळेबंदी आणि हा बर्फात? रजा कुणी मंजूर केली?" पुढचा तरुण वळून म्हणाला, "काका, बघू द्या ना." हे म्हणाले, "बघा की. मी काय पडदा झाकून उभा आहे?" पुढे ती नायिका मोकळे केस आणि वाऱ्यावर ओढणी सोडून लेथवर काम करायला उभी राहिली, तेव्हा यांनी डोळेच मिटले. "झालं की सांगा," म्हणाले, "मला रक्त बघवत नाही." आमच्या मेहुणीबाई सिनेमाला येतात, पण तिकीट वेगळ्या रांगेतलं काढायला लावतात. मध्यंतरात हे चहा घेऊन गेले तर त्या परक्या बाईसारख्या म्हणतात, "ठेवा इथे. आपण कोण?"

पण खरा तमाशा शेवटी. सगळे सिनेमे संपतात तसाच हाही संपायला आला. मालक विरघळला, लेकीचा हात त्याने नायकाच्या हातात दिला, मागे उभे असलेले कामगार टाळ्या वाजवू लागले. लोक डोळे पुसत होते आणि आमचे साडू ताडकन उठले. "करारावर सही झाली का? काढलेली माणसं परत घेतली का? हे सगळे टाळ्या कशाच्या वाजवताहेत?"

मी हाताला धरून खाली बसवलं. "अहो साडूबुवा, लग्न जमलं की!"

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? नायकाचं."

"मी तेच म्हणतोय," ते म्हणाले. आवडत नाही तर बघता कशाला, असं कुणालाही विचारावंसं वाटेल. मी विचारलं. तर म्हणाले, "एखादा वेगळा निघेल." नासका आंबा लागला म्हणून पेटी परत करणारा माणूस मला कळतो. दर वेळी नासकाच निघतो हे माहीत असून पुन्हा त्याच गाळ्यावर जाणारा माणूस मला कळत नाही.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग या माणसाने माझा घात केला.

लोणी काळभोरच्या अलीकडे माझी पत्र्याची शेड आहे. मिठाईचे खोके करतो. नारायण पेठेत सायकलवर रद्दी गोळा करत सुरुवात केली. मला कुणी काही आयतं दिलेलं नाही. त्या वर्षी एका बड्या मिठाईवाल्याची दिवाळीची ऑर्डर मिळाली होती, पहिल्यांदाच. माल दसऱ्याच्या सकाळी पोचला पाहिजे, नाहीतर तो दुसरीकडे जाणार. आणि आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊनपुसून, कुंकू लावून, झेंडूचे हार घालून पूजा होते. प्रसाद घेऊन माणसं घरी जातात आणि यंत्राला कुणी हात लावत नाही. त्यातून त्याच दुपारी पुठ्ठा कापणारा किरण आणि गोंद लावणारी मनीषा यांचा साखरपुडा होता. जमलं होतं माझ्याच शेडमध्ये, आणि सगळी शेड जाणार होती. आरती झाल्यावर मी म्हणालो, "हार काढा आणि मशीन सुरू करा."

कुणी हललं नाही. सगळ्यांत जुन्या सुलाबाई पुढे आल्या. "शेठ, आज तिचा सण हाय. गळ्यातला हार काढून कामाला जुंपता व्हय तिला?"

"अहो, मशीन आहे ते!"

"मग आत्ता आरती कुणाची केली?"

माझा आवाज चढला. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माणसं उठली आणि गेटबाहेर जाऊन बसली. मग मी एक चाल योजली. साडूंना फोन केला. कामगारांची भाषा त्यांना येते आणि प्रेमाच्या सिनेमावर त्यांचं आयुष्य चाललंय. म्हटलं, यांच्यादेखत त्या दोघांना आशीर्वाद देतो, हे गहिवरतील, चार शब्द बोलतील, माणसं आत येतील.

ते आले. मी गेटवर उभा राहून म्हणालो, "किरण, मनीषा, तुमचा आनंदाचा दिवस आहे. तुम्ही दोघं जा. माझी गाडी घेऊन जा. साडी माझ्याकडून. बाकीच्यांनी एवढी ऑर्डर काढून द्या, मग संध्याकाळी जेवायला या."

चाल लागू पडत होती. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. दोघीतिघी पदर झटकत उठायलाही लागल्या. किरणने गाडीकडे पाहिलं. आणि आमचे साडू म्हणाले, "बसा. सगळे खाली बसा."

"साडूबुवा!"

"शेठ, हा सिनेमा मी पाहिलाय."

"हा सिनेमा नाही, माझा कारखाना आहे!"

"तेच. सिनेमात निदान गाणी तरी असतात." मग ते त्या दोघांकडे वळले. आवाज एकदम खाली आला. "बाळांनो, तुम्हाला जायचं तर खुशाल जा. तुमचा हक्कच आहे. फक्त गाडीतून मागे वळून बघू नका. बघवणार नाही."

मनीषा किरणकडे बघत होती. मग तिने गाडीकडे पाठ केली आणि सुलाबाईंशेजारी बसली. "सगळ्यांसंगच जाऊ आमी," म्हणाली. किरणही बसला.

मी अर्धा दिवस म्हणून पाहिलं. निम्मी माणसं म्हणून पाहिलं. उद्या बदली सुट्टी देतो म्हणालो. मंडईत मी अर्ध्या तासात माणसाला रडवतो, इथे समोर माझाच साडू बसला होता आणि प्रत्येक वेळी नुसता विचारायचा, "म्हणजे सगळे ना?" शेवटी सगळे गेले. हार मशीनच्या गळ्यात राहिला. तो मिठाईवाला दुसऱ्याकडे गेला आणि आजतागायत माझ्या दारात आलेला नाही.

साखरपुड्याला मला जावंच लागलं. तोंड सुजवून एका कोपऱ्यात बसलो होतो. साडू पंगतीत वाढत होते, जणू पोरगी त्यांचीच. मेहुणीबाई शेजारी येऊन बसल्या. "तुमच्यावर राग नाही हो त्यांचा," म्हणाल्या.

"मग कुणावर आहे?"

मग त्यांनी सांगितलं, की त्यांचं लग्न ऐन संपात झालं. कारखान्याचा मॅनेजर स्वतः आहेर घेऊन आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, नवा संसार आहे, सोमवारपासून कामावर ये. मेहुणीबाईंच्या वडिलांनीही हात जोडले, पोरगी दिलीय, आमचा विचार करा. सोमवारी हे गेले. गेटवर यांचेच सोबती बसले होते. त्यांनी शिवी दिली नाही, अडवलं नाही. सरकून वाट करून दिली. एकाने तर विचारलं, वहिनी कशा आहेत?

"मग?"

"मग काय. त्यातले बरेच जण पुन्हा आत आले नाहीत. मी विषय काढत नाही. तुम्हीही काढू नका."

मी काढलेला नाही. माझं नुकसान झालं ते झालंच, ते मी विसरलेलो नाही, आणि तोंडावर सांगायलाही सोडत नाही. सिनेमाला मात्र पुन्हा बरोबर गेलो नाही. परवडतं, पण सोसत नाही. आता दर खंडेनवमीला ते न बोलावता शेडवर येतात आणि गेटबाहेरच उभे राहतात. यंदा प्रसाद वाटून झाल्यावर मी त्यांचा वाटा घेऊन बाहेर गेलो. गेल्या दिवाळीपासून बरेच वाळले आहेत. शर्ट खांद्यावरून उतरत होता.

म्हणालो, "आत या की आता. उन्हात कशाला?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. "सगळे आहेत ना आत?"

"आहेत."

"मग झालं," ते म्हणाले, प्रसाद कपाळाला लावला, आणि तिथेच उभे राहून खाल्ला.