बाई काय म्हणाल्या

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही — सख्ख्या बहिणीजवळसुद्धा नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या घरी येणार नाही, माझ्या नवऱ्याला भेटणार नाही, म्हणून असेल.

सुरुवात चांगली होती. आम्ही तेव्हा भांडुपला टेकडीवरच्या खोलीत राहायचो. तन्वी, आमची लेक, तिसरीत. तिच्या वर्गबाईंनी एक टूम काढली — दर शनिवारी मुलांनी शाळेतून गोष्टीचं पुस्तक न्यायचं आणि रोज संध्याकाळी घरातल्या मोठ्या माणसाबरोबर मोठ्याने वाचायचं. मी बारावी झालेली, कुरिअरच्या ऑफिसात कामाला. म्हणजे हे काम माझंच, नाही का? पण तन्वी पुस्तक घेऊन गेली ती बाबाकडे.

नवरा साकीनाक्याला लेथ मशीनवर. शाळा पाचवीत सुटलेली. घरी आला की दोनदा साबणाने हात धुवायचा, शाळेच्या पुस्तकाला तेलाचा डाग नको म्हणून. मग ओळीवर बोट ठेवून वाचायला लागायचा — अडखळत, मालवणी हेल काढत. जोडाक्षर आलं की गाडी थांबलीच. ती ते फोडून सांगायची, तो पुन्हा म्हणायचा, आणि दोघंही हसत सुटायची. एका पानाला अर्धा तास. मी चपात्या लाटत ऐकायचे. मला ते फार आवडायचं — हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही.

मग पालकसभा आली. बाईंनी मुलांना विचारलं, घरी तुमच्याबरोबर कोण वाचतं? तन्वी उठून खणखणीत आवाजात म्हणाली, मी बाबांना वाचायला शिकवते. मागे दोन बायका हसल्या. हसल्या, की नुसतं एकमेकींकडे बघितलं? आता खात्रीने सांगता येत नाही. माझे कान मात्र तापले. सभा संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेऊन दोन वाक्यं सांगितली, मी मान डोलावली आणि निघाले.

घरी नवरा वाटच बघत होता. बाई काय म्हणाल्या, वाचनाचं काही बोलल्या का — निकाल लागायचा असावा तसा चेहरा.

"बाई म्हणाल्या, तुझ्या वाचण्याने तिचे उच्चार बिघडतायत. यापुढे आईनेच वाचावं."

त्याने गोष्टीचं पुस्तक उचलून तन्वीच्या दप्तरात ठेवलं. मग म्हणाला, "बरोबर आसा. पोरीचा नुकसान नको."

बाई असं म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, "बाबांनाच वाचू द्या हं. त्यांना शिकवायला लागल्यापासून ही वर्गात मोठ्याने वाचायला घाबरत नाही."

दोन बायकांच्या हसण्यापायी मी हे केलं. त्यानंतर तो ओव्हरटाइम घ्यायला लागला. बाबा का वाचत नाही, असं तन्वीने विचारलं, तेव्हा तो दमतो म्हणून सांगितलं — म्हणजे आणखी एक खोटं. मी वाचायचे न अडखळता, भराभर, आणि ती जांभया द्यायची. दिवाळीपर्यंत ती एकटीच वाचायला लागली, मनातल्या मनात.

आता ती कॉलेजात आहे. तिला वाटतं, बाबाला आपला कंटाळा आला होता. त्याला वाटतं, आपण पोरीचं नुकसान करत होतो. आणि मला? मला त्या अडखळण्याची किती आठवण येते, कसं सांगू? संध्याकाळी पीठ मळताना अजून कान बाहेरच्या खोलीकडे लागतात. एका वाक्याचं तर काम होतं. पण दहा वर्षांत ते निघालं नाही — भीती कसली, तो चिडेल याची? छे. तो चिडणारच नाही, याची.

मागच्या रविवारी शेजारची चार वर्षांची मुलगी चित्रांचं पुस्तक घेऊन आली आणि सरळ त्याच्या मांडीवर चढून बसली. वाच ना, म्हणाली. त्याने पहिलं पान उघडलं, बोट ठेवलं — आणि पुस्तक मिटलं.

"काकीकडे जा, बाय. मी वाचलंय तर तुझे उच्चार बिघडतले."

ती माझ्याकडे आली. तो तिथेच बसून ऐकत होता. मी तिला सगळं पुस्तक वाचून दाखवलं, एकही चूक न करता.